पांढरा अंधार

एक माणूस सिग्नलला गाडी थांबवून उभा आहे. दिवा हिरवा होतो, मागचे लोक हॉर्न वाजवायला लागतात, पण ह्याची गाडी काही हलत नाही. कोणीतरी उतरून काच ठोठावतं. आत बसलेला माणूस ओरडतोय, की मला दिसत नाहीये! आणि गंमत म्हणजे डोळ्यांपुढे काळोख नाही. सगळं पांढरंशुभ्र आहे. दुधात बुडवल्यासारखं.

जोसे सारामागो नावाच्या पोर्तुगीज लेखकाची 'ब्लाइंडनेस' ही कादंबरी अशी सुरू होते. मूळ पुस्तक १९९५ सालचं. लेखकाला १९९८ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. हे मी तुम्हाला इम्प्रेस करायला सांगत नाहीये, कारण मला स्वतःला जी गोष्ट इम्प्रेस करून गेली ती वेगळीच आहे. हा माणूस घरच्या गरिबीमुळे नेहमीचं शिक्षण सोडून टेक्निकल स्कूलमध्ये गेला आणि पहिली नोकरी त्यानं गॅरेजमध्ये मेकॅनिक म्हणून केली! म्हणजे मेकॅनिकलवाल्यांनो, आपल्यालाही काही आशा आहे म्हणायची.

पी.एल.मध्ये अभ्यास सोडून भलतंसलतं वाचणं हा आपला सगळ्यांचाच जुना आजार. पण खरं सांगते, हे पुस्तक टाइमपास म्हणून वाचता येत नाही. पहिली वीस पानं तर थर्मोच्या नोट्सपेक्षा जड जातात. संवादाला अवतरणचिन्हं नाहीत, वाक्यं पानपानभर चालतात, आणि कुठल्याच माणसाला नाव नाही. पहिला आंधळा, त्याची बायको, डोळ्यांचा डॉक्टर, डॉक्टरची बायको, काळ्या चष्म्याची मुलगी, तिरळा मुलगा, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला म्हातारा... बस्स! कोण बोलतंय हे आवाजावरून ओळखायचं. थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की अरे, आंधळ्या माणसाचं असंच तर होत असणार! लेखकानं वाचणाऱ्यालाही थोडंसं आंधळं करून टाकलंय.

गोष्ट थोडक्यात अशी. हे आंधळेपण संसर्गजन्य आहे. पहिल्या आंधळ्याला घरी सोडायला आलेला मदतनीस त्याचीच गाडी चोरतो आणि थोड्याच वेळात तोही आंधळा होतो. मग त्याला तपासणारा डॉक्टर, मग दवाखान्यातले पेशंट. सरकार घाबरतं आणि सगळ्यांना एका रिकाम्या पडलेल्या वेड्यांच्या इस्पितळात कोंडतं. दारावर बंदूकधारी सैनिक. रोज लाउडस्पीकरवरून तेच ते नियम. अन्नाची खोकी अंगणात ठेवली जातात, आणि जरा जास्त पुढे आलात तर गोळी. डॉक्टरला न्यायला ॲम्ब्युलन्स येते तेव्हा त्याची बायको आत चढून बसते आणि खोटंच सांगते की मीसुद्धा आत्ताच आंधळी झाले. सबंध पुस्तकात दिसतं ते फक्त तिला. आणि ते तिला लपवून ठेवावं लागतं.

पुढे आत काय काय होतं ते वाचवत नाही. माणसं वाढत जातात, संडास तुंबतात, अन्न कमी पडतं. एका वॉर्डातली टोळी पिस्तुलाच्या जोरावर सगळं अन्न ताब्यात घेते. आधी त्याबदल्यात लोकांच्या अंगठ्या-घड्याळं मागते आणि ती संपल्यावर बायका मागते. ती पंधरा-वीस पानं वाचताना मी पुस्तक दोनदा मिटून ठेवलं. सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? त्या टोळीतला एक माणूस आधीपासूनच आंधळा असतो. त्याला ब्रेल येतं, तो सगळ्यांचा हिशेब ठेवतो. म्हणजे अंधारात कसं जगायचं हे ज्याला खरोखर येत होतं, त्यानं बाकीच्यांना शिकवायचं सोडून गुंडांची वही लिहिली. ज्ञान असणं आणि ते कोणाच्या बाजूनं वापरायचं हे कळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हां इंजिनीअरिंगच्या पोरांना ह्याहून स्पष्ट कोण सांगणार!

आता कोणी म्हणेल, ही कल्पनेतली गोष्ट. कुठलंसं शहर, कुठलासा रोग. आपलं काय? पण मला हे पुस्तक वाचताना सारखं पुणंच दिसत होतं. आणि ते उगीच नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस नावाच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. मुंबईहून माणसं भराभर बाहेर पडू लागली आणि रोगही त्यांच्याबरोबर निघाला. थोड्याच महिन्यांत तो पुण्यात होता. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारनं साथरोगांसाठी एक कायदा केला. अवघ्या चार कलमांचा! साथ आटोक्यात आणायला सरकारला जे योग्य वाटेल ते करता येईल, हा त्याचा सारांश. आणि पुण्यात ते 'योग्य वाटेल ते' करायला आले वॉल्टर चार्ल्स रँड.

शाळेत आपण हे चार ओळींत शिकलो. रँडचा जुलूम, चापेकर बंधू, २२ जून १८९७, गणेशखिंड. दोन मार्कांचा प्रश्न. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये तर तो धडा इंग्रजीतून होता आणि 'गणेशखिंड' ह्या शब्दाचा उच्चार ऐकून आम्ही हसत बसायचो. पण 'ब्लाइंडनेस' वाचल्यावर मी ह्या विषयावरचं जे मिळेल ते वाचून काढलं आणि त्या चार ओळींच्या आत माणसं दिसायला लागली.

कल्पना करा. मार्च महिना. पेठेतला एखादा वाडा. सकाळी दारात गोरे सोजीर. शोध घ्यायचा म्हणून ते बुटांसकट माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरतात. बायकांना बाहेर काढून परक्या पुरुषांसमोर तपासलं जातं. कोणाला ताप आहे असं वाटलं की त्याला प्लेगच्या इस्पितळात नेणार आणि घरातल्या उरलेल्या सगळ्यांना गावाबाहेरच्या छावणीत. सामानसुमान रस्त्यावर आणून जाळणार. इस्पितळात गेलेला माणूस परत येईल ह्याचा भरवसा नाही, म्हणून लोक आजारी माणसं लपवायला लागले. माळ्यावर, कोठीत, कुठेही. म्हणजे ज्या गोष्टीनं साथ थांबायला हवी होती, तिच्याच धाकानं लोकांनी साथ घरात लपवून ठेवली!

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट लिहायला हवी. रोग्याला वेगळं ठेवणं ही कल्पना चुकीची नव्हती. २०२० मध्ये आपणही तेच केलं. आणि टिळक सरकारच्या पद्धतीवर 'केसरी'तून कडाडून टीका करत होते, तरी ते शहर सोडून गेले नाहीत आणि हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ काढण्यात त्यांचा पुढाकार होता. भांडण 'वेगळं ठेवू नका' असं नव्हतंच मुळी. भांडण होतं ते माणसाला माणूस न समजता उचलून नेण्याशी.

आणि मला सगळ्यात अंगावर आलेली गोष्ट म्हणजे, प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं ते १८९८ मध्ये. म्हणजे १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यातल्या घराघरांत शिरणाऱ्या त्या सैनिकांना, त्यांच्या साहेबांना, रडणाऱ्या बायकांना, चिडलेल्या पुरुषांना, कोणालाच खरा शत्रू दिसत नव्हता. तो पायाखालून पळत होता! सगळं शहरच पांढऱ्या अंधारात होतं. आता मला सांगा, सारामागोची गोष्ट कल्पनेतली कशी?

पण ह्याच अंधारात एक बाई पाहू शकत होती. सावित्रीबाई फुले तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत ह्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड ह्यांच्या मुलाला प्लेग झाला तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला स्वतःच्या पाठीवर घेऊन तिथे आणलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुढे १९०५ मध्ये डॉ. यशवंतही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेले. 'सावित्रीबाई' म्हटलं की आपल्याला शाळा आठवते, भिडेवाडा आठवतो, अंगावर पडणारं शेण आठवतं. पण मला आता आधी ती पाठ दिसते. ६६ वर्षांची पाठ आणि तिच्यावर तापानं फणफणलेलं पोर.

कादंबरीतली डॉक्टरची बायकोसुद्धा काही भाषणं करत नाही. ती धुते, पुसते, हात धरून नेते, अन्न शोधते, जखमा साफ करते. एकदा तर तिला माणूस मारावा लागतो, तोही बाकीच्या बायकांसाठी. तिला दिसतं ह्याचा तिला काहीही फायदा होत नाही, उलट सगळी घाण एकटीला बघावी लागते. मला वाटतं सारामागोला हेच सांगायचं असावं. दिसणं म्हणजे सुख नाही, जबाबदारी आहे. ज्याला दिसलं त्याला काम लागलं!

आता आपल्या काळाकडे येते.

९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले पहिले दोन करोना रुग्ण सापडले, ते पुण्यातच. नायडू हॉस्पिटलचं नाव त्या दिवसापासून देशभर झालं. चार दिवसांनी, १३ मार्चला राज्य सरकारनं जो कायदा लागू केला तो कोणता, माहितेय? तोच, १८९७ चा! एकशे तेवीस वर्षांचा म्हातारा कायदा कपाटातून झटकून बाहेर काढला. आपली बॅच तेव्हा नववीत. पुढच्या वर्षी आपली दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि आपण कोणीही बोर्डाचा पेपर न लिहिता पास झालो. 'करोना बॅच' म्हणून आपल्याला अजून चिडवतात ते वेगळंच.

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक सिस्टर भाड्यानं राहायच्या. सिस्टर म्हणजे माझ्या शाळेतल्या नव्हेत, हॉस्पिटलातल्या. मूळ गाव मराठवाड्यात, नवरा तिकडेच, इथे एकट्या. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आम्ही सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या, तेव्हा समोरच्या काकांनी ओरडून सांगितलं होतं, "सिस्टर, ह्या टाळ्या तुमच्यासाठी!" त्या लाजून हसल्या होत्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्यांची ड्यूटी कोविड वॉर्डात लागली. झालं! ग्रुपवर मेसेज सुरू. लिफ्ट वापरू नये. जिन्याच्या कठड्याला हात लावू नये. मग, शक्य असल्यास काही दिवस दुसरीकडे सोय बघावी. 'कृपया' प्रत्येक वाक्यात होतं हं! आमच्या सोसायटीत सगळे सुशिक्षित.

माझी आजी तशी कधी कोणाच्या भानगडीत न पडणारी. पण तिनं जिन्यात उभं राहून चेअरमन काकांना विचारलं, "अहो, उद्या तुम्हाला ताप आला तर सुई कोण टोचणार? मी?" काका म्हणाले, "आजी, तसं नाही, सगळ्यांच्या सेफ्टीचा प्रश्न आहे." आजी म्हणाली, "प्लेगात आमच्याकडचे लोक शेतात झोपड्या टाकून राहिले होते. माझी सासू सांगायची. पण सगळे मिळून राहिले. एकट्यादुकट्याला कोणी झोपडीत पाठवलं नाही." त्या दिवसापासून आजी रोज रात्री डबा भरून सिस्टरांच्या दाराशी ठेवायला बाबांना पाठवायची. आठ-दहा दिवसांनी सिस्टरांना हॉस्पिटलच्याच गाडीनं न्यायला आले. हॉस्पिटलनं जवळच्या हॉटेलात स्टाफची सोय केली होती. त्या परत आमच्याकडे राहायला आल्या नाहीत.

ही फक्त आमच्या सोसायटीची गोष्ट असती तर लिहिली नसती. देशभर डॉक्टर-नर्सना घर सोडा सांगितलं जात होतं, कुठे कुठे त्यांच्यावर हल्ले होत होते. शेवटी २२ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारला अध्यादेश काढून त्याच म्हाताऱ्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा ठरवावा लागला. विचार करा मित्रांनो. १८९७ मध्ये लोकांना त्या कायद्यापासून संरक्षण हवं होतं. २०२० मध्ये नर्सना लोकांपासून संरक्षण द्यायला तोच कायदा कामाला आला! आता बाहेर बूट वाजवणारे सोजीर नव्हते. जिन्यात आपणच होतो.

तरीही... सारामागोशी माझं एक भांडण आहे. (नोबेलवाल्याशी भांडायला टी.ई.च्या मुलीला काय जातंय!) त्याच्या कादंबरीत सगळेच्या सगळे आंधळे होतात, त्यामुळे सगळ्या यंत्रणा बंद पडतात. नळाला पाणी नाही, वीज नाही, रस्त्यात घाण. अन्नासाठी माणसं टोळ्या करून दुकानं चाचपत फिरतात. इंजिनीअरिंगला असल्यामुळे असेल, पण मला वाचताना हेच सारखं दिसत होतं की पंपावरचा माणूस आंधळा झाला, सबस्टेशनवरचा माणूस आंधळा झाला, आणि तिथेच शहर संपलं. पण २०२० च्या पुण्यात तसं झालं नाही! खडकवासल्याचं पाणी पर्वतीला येत राहिलं, दिवे लागत राहिले. 'स्वच्छ'च्या कचरावेचक ताई आमच्या दारातला कचरा रोज नेत होत्या. आम्ही तो चिमटीत धरून लांबून ठेवायचो आणि त्या तो हातानं उचलायच्या. दूध येत होतं. ही सगळी माणसं घाबरलेली असणारच, पण कामावर येत होती. शहर टिकलं ते ह्यांच्यामुळे. सारामागोनं ही माणसं रंगवलीच नाहीत, आणि मला त्या पुस्तकात तीच कमी वाटली.

हे भांडण मी मैत्रिणीशी बोलले तेव्हा ती म्हणाली, "अगं, त्यानं रंगवली नाहीत कारण ती कोणाला दिसतच नाहीत. तुला तरी त्या ताईंचं नाव माहितेय?" ह्यावर मी काय बोलणार? त्या मुद्द्यावर सारामागो जिंकला!

आणखी एक गोष्ट. डॉ. यशवंतांचा प्लेगचा दवाखाना होता हडपसरच्या बाजूला. आणि १२ जानेवारी २०२१ ला कोव्हिशील्डच्या लसीचे पहिले ट्रक निघाले ते कुठून? सिरम इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे पुन्हा हडपसरमधूनच! १८९७ च्या जानेवारीत मुंबईत हाफकिन साहेबांनी प्लेगची लस बनवून पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली होती, आणि तरी लोक तिला घाबरत होते. १२४ वर्षांनी आपण त्याच लशीसारख्या गोष्टीसाठी रात्री जागून स्लॉट बुक करत होतो. म्हणजे विज्ञान पुढे गेलंच. पिसू दिसली, विषाणू दिसला, त्याचा सगळा नकाशा दिसला. फक्त दुसऱ्या मजल्यावरची सिस्टर दिसायची राहून गेली. त्यासाठी कुठलंही मायक्रोस्कोप लागत नाही, बहुतेक म्हणूनच!

हे सगळं आता जुनं झालं. मास्क ड्रॉवरमध्ये गेले, ग्रुपवरचे ते मेसेज वर सरकून गेले. आपण त्या काळावर फक्त ऑनलाइन लेक्चरचे जोक करतो. पण साथ पुन्हा येऊ शकते. तेव्हा आपण नववीतली पोरं नसू. कोणी पाण्याच्या पंपावर असेल, कोणी व्हेंटिलेटर बनवत असेल, कोणी एखादं ॲप लिहीत असेल ज्यावर पेशंटची घरं लाल ठिपक्यांनी दाखवली जातील. आणि कोणी सोसायटीचा चेअरमन असेल! त्या वेळी आपण कोण असू? हिशेबाची वही लिहिणारा तो माणूस, की ती डॉक्टरची बायको? सिलॅबसमध्ये ह्याला युनिट नाही आणि ओरलला कोणी विचारणार नाही. पण प्रश्न मात्र कंपल्सरी आहे असं मला वाटतं.

कादंबरीचा शेवट मुद्दामच सांगत नाही. फक्त त्यातला एक प्रसंग सांगते. बऱ्याच दिवसांनी धो धो पाऊस येतो आणि तीन बायका बाल्कनीत उभ्या राहून त्या पावसात कपडे धुतात, अंग धुतात. इतक्या पानांच्या घाणीनंतर पहिल्यांदाच काहीतरी स्वच्छ होतं. ते वाचताना बाहेर खरोखरच जूनचा पाऊस लागला होता आणि मी उठून खिडकी उघडली.

पुस्तक हवं असेल तर माझ्याकडून न्या. मात्र सबमिशनच्या आधी परत करा, कारण पुढे दोघांचा नंबर लागलेला आहे.

— टी. ई. (मेकॅनिकल)